एक्सेलमध्ये खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य का होतोय?

प्रश्न: शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. शिष्यवृत्तीसाठी 212 मुलांचे आधार आणि खाते क्रमांक भरले. आधारच्या जागी 4.58, मग इंग्रजी ई, मग +11 असलं काहीतरी दिसतंय. जन्मतारखेत नुसते ####. आणि 16 आकडी खात्याच्या शेवटी 7 मारला तरी 0! दोन दिवस पाण्यात गेले का?

उत्तर: #### म्हणजे बहुतेक रकाना अरुंद. वरच्या पट्टीत रकान्याच्या उजव्या कडेवर डबल क्लिक करा.

उत्तर: आधार शाबूत आहे, 12च आकडे. कंट्रोल आणि 1 दाबून नंबर निवडा, दशांश 0 ठेवा. खात्यांचं मात्र अवघड. एक्सेल 15 आकडेच धरून ठेवतं, सोळाव्याचं शून्य. फॉरमॅट बदलून तो परत येत नाही. रकाना आधी टेक्स्ट करा, मग पासबुकं घेऊन बसा. पतसंस्थेत मीही हे निस्तरलंय, रात्री नऊपर्यंत.

प्रश्नकर्ती: तारखा दिसल्या! 16 आकडी खाती 38च निघाली, देव पावला.

उत्तर: ताई, शून्याने सुरू होणारी खातीही तपासा. पुढचं शून्य एक्सेल गुपचूप खातं.

प्रश्नकर्ती: अगं बाई. आहेत.