मदत हवी आहे: ताडोबा सफारी, मे महिना, तातडीचं

गोदाकाठची
येत्या रविवारी नाशिकहून निघतोय. सोमवार ते बुधवार ताडोबा. सोमवारची संध्याकाळची एकच कोअर सफारी (जंगलाच्या आतल्या गाभ्यातली) मिळाली, पुढे सगळं फुल्ल. रात्र रात्र साइट उघडून बसतेय. बाबांना यंदा वाघ दाखवायचाच आहे. काही मार्ग असेल तर कृपया आजच सांगा.

पाणवठा
गेट कुठलं? माणसं किती? एवढं तरी सांगा.

सिडकोकर
गाडीने जात असाल तर समृद्धीवर चढण्याआधी टायर तपासून घ्या. सिमेंटचा रस्ता, त्यात मे. हवा बघा, स्टेपनी बघा, दर दोन तासांनी थांबा. माझा टायर दुपारी दोनला फुटला, घरची मंडळी तासभर उन्हात उभी होती.

गोदाकाठची
टायर नवेच आहेत हो. पाच जण आहोत: आम्ही दोघं, आठवीतला मुलगा, आई-बाबा. बाबा ७४, कंबरेला पट्टा असतो. राहणं मोहर्लीला, पूर्ण पैसे भरलेत. एजंटने तिकीट कोलाऱ्याचं काढून दिलं. आत जंगल एकच ना?

मूळ_चंद्रपूरची
ताई, जंगल एक, पण तिकीट गेटचं असतं. कोलाऱ्याचं तिकीट मोहर्लीला चालत नाही आणि स्वतःच्या गाडीने आतून जाता येत नाही. बाहेरून वळसा पडतो, दोन तासांहून कमी धरू नका. आणि मंगळवारी कोअर बंद असतो, एजंटने सांगितलं नाही का?

गोदाकाठची
नाही सांगितलं. आता रडू येतंय.

पाणवठा
मग मंगळवारी बफर घ्या, म्हणजे कोअरभोवतीचा जंगलपट्टा. आगरझरी, देवाडा, जुनोना ही गेटं मोहर्लीच्याच बाजूला आहेत.

जुना_भटक्या
बफरवर पैसे घालू नका. खरं ताडोबा कोअरमध्येच. पांढरपौनीला मी माया वाघीण बछड्यांसह पाहिलीय.

पाणवठा
माया २०२३ पासून दिसलेली नाही. आणि वाघाला कोअर-बफरची रेघ ठाऊक नसते. मे महिन्यात जिथे पाणी, तिथे तो. मला देवाड्यात दिसला होता, पाण्यात मागचे पाय बुडवून बसलेला. वीस मिनिटं हलला नाही.

निफाडकर
एवढ्या गर्दीत कशाला जाता? आपलं नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य घराजवळ आहे. २०२० मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) मिळाला, राज्यात पहिला. वयस्कर माणसांना किती सोपं पडेल!

सिडकोकर
मे महिन्यात? पाहुणे पक्षी केव्हाच परतले.

निफाडकर
जांभळी पाणकोंबडी बारमाही असते. लोक फक्त डिसेंबर-जानेवारीत येतात, गाड्या लावून गोंगाट करतात, म्हणून जीव तुटतो.

पाणवठा
दादा, त्यावर वेगळा धागा काढा, मी नक्की येईन. ताईंचं काम आधी.

मूळ_चंद्रपूरची
बाबांना जिप्सीच्या मागच्या बाकावर बसवू नका, चाकाचा सगळा दणका तिथे बसतो. माझ्या सासऱ्यांना नाल्याच्या उतारावर असा हिसका बसला की पुढची सफारी सोडावी लागली. चालकाच्या मागचा बाक मागा, पाठीशी घडी घातलेली चादर ठेवा. ओला पंचा डोक्याला. ओळखपत्र मूळ हवं, तिकिटावर दिलं तेच. मोबाइल कोअरमध्ये नेता येत नाही, मुलाला आधीच सांगून ठेवा.

गोदाकाठची
मंगळवार संध्याकाळ, देवाडा मिळालं! आत्ताच. जिप्सीत सहा बसतात, आम्ही पाचच, म्हणजे बाबांना ऐसपैस. आता सोमवारी मोहर्लीहून कितीला निघू?

मूळ_चंद्रपूरची
मोहर्लीला आधी जाऊच नका. रविवारी नागपूरला मुक्काम करा. सोमवारी सकाळी उमरेड-चिमूरमार्गे थेट कोलारा. सफारी करून रात्री मोहर्ली.

पाणवठा
दोन-अडीच तासांचा रस्ता, रात्री, तेही सफारीनंतर, ७४ वर्षांच्या माणसाला? अजिबात नको. सोमवारी चिमूर किंवा कोलाऱ्यातच झोपा.

जुना_भटक्या
हे मात्र बरोबर. जंगलालगतच्या रस्त्यावर रात्री जनावर आडवं येतं.

गोदाकाठची
चिमूरला खोली बघते. मोहर्लीची एक रात्र वाया जाईल, जाऊ दे. बाबांना सांगितलं, तर त्यांनी लगेच विचारलं, देवाडा म्हणजे पाण्यात बसलेला वाघ दिसला तेच का?