समितीचं वर्ष आणि खुर्चीची मुदत: तुमचे अनुभव सांगा

एका स्वयंसेवी समितीत नऊ वर्षं आहे, त्यातली चार सचिव म्हणून. दरवर्षी तोच गोंधळ. सर्वसाधारण सभेत नवी कार्यकारिणी निवडून येते, टाळ्या वाजतात आणि पुढचे तीन महिने कुणालाच कळत नसतं की आता नक्की करायचं काय. आमची निवडणूक नेमकी वार्षिक कार्यक्रमाच्या दीड महिना आधी, म्हणजे ज्यांनी हॉल बुक केला ते गेले आणि ज्यांनी तो उघडायचा ते कोरे करकरीत. यंदा सभेची तारीखच हलवायचा ठराव आणतोय. तुमच्याकडे कामाचं वर्ष आणि पदांची मुदत यांचा मेळ कसा घालता? फसलेले अनुभव आधी लिहा, ते जास्त कामाचे.

एक माजी खजिनदार
फसलेलाच सांगते. आमचे अध्यक्ष आणि खजिनदार एकाच सभेत पायउतार झाले आणि मी नवीन खजिनदार. बँकेत गेले तर म्हणाले सह्या बदलायला ठरावाची प्रत आणा. प्रत कुठून आणणार, त्या सभेचं इतिवृत्तच कुणी लिहिलं नव्हतं! जुन्या दोघांपैकी एकजण परगावी गेलेला, दुसऱ्याच्या एकट्याच्या सहीवर चेक वटत नव्हता. खात्यात पैसे असून दोन महिने सगळी बिलं मी खिशातून भरली आणि पावत्या एका बिस्किटाच्या डब्यात साठवल्या. त्यानंतर नियमच केला की ही दोन पदं एका वर्षी बदलायची नाहीत, एक सम वर्षी, दुसरं विषम.

बाकी सदस्यांचंही तसंच केलं. राज्यसभेत नाही का, मुदत ६ वर्षांची पण दर २ वर्षांनी एक तृतीयांश लोक निवृत्त होतात, सभागृह एकदम रिकामं कधीच होत नाही. आम्ही नऊ जण, मुदत ३ वर्षं, दरवर्षी तिघं बाहेर. पहिल्या वेळी चिठ्ठ्या टाकल्या, कुणाला एक वर्ष आलं, कुणाला दोन, कुणाला तीन. एक वर्षाची चिठ्ठी आलेले गृहस्थ चक्क खूश झाले, तेव्हा कळलं लोक किती दमलेत.

नुसता सदस्य
आमच्याकडे १४ वर्षं एकच अध्यक्ष. माणूस सोन्यासारखा, पण सगळे फोन नंबर त्यांच्या मोबाईलमध्ये आणि सगळा हिशोब डोक्यात. ते आजारी पडले आणि आम्हाला मंडपवाल्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं. मग घटना दुरुस्त केली, सलग दोनच मुदती, नंतर एक वर्ष सक्तीची विश्रांती. त्यांना सल्लागार केलं ही मात्र चूक झाली, कारण ते प्रत्येक बैठकीला यायचे आणि नवीन अध्यक्षबाई दर वाक्याआधी त्यांच्याकडे बघायच्या. शेवटी त्यांनाच ते लक्षात आलं. म्हणाले, मी सहा महिने येत नाही, अडलं तर फोन करा. फोन दोनदाच गेला.

एक वर्षवाला
एका वर्षाची मुदत वाईट असं सगळे म्हणतात, मला पटत नाही. रोटरी क्लबमध्ये वर्ष १ जुलैला सुरू होतं, अध्यक्ष वर्षभरासाठीच, पण पुढचा कोण हे आधीच ठरलेलं असतं. आम्ही फक्त पहिला भाग उचलला, दुसरा विसरलो 😄 म्हणजे तीन महिने शिकण्यात, तीन महिने पुढचा माणूस शोधण्यात, मधल्या सहात काम.

नियोजनवाली
आम्ही आधी कामं लिहायचो आणि मग महिने. एका वर्षी ११ उपक्रम ठरवले, झाले ४, उरलेल्या ७ चं वर्षभर वाईट वाटत राहिलं. आता उलटं करतो. मोठा कागद, बारा रकाने, आणि प्रत्येकाने आधी आपला नसण्याचा काळ लाल पेनाने खोडायचा, मुलांची परीक्षा, ऑफिसचं ऑडिट, काहीही. लाल झाल्यावर जे पांढरं उरतं तेवढंच आपलं वर्ष. पहिल्यांदा केलं तेव्हा दोन महिने पूर्ण लाल निघाले आणि आम्ही नेमका त्यातल्याच एकात मोठा कार्यक्रम घेत होतो, कित्येक वर्षं! त्याच कागदावर पाचव्या महिन्यात 'पुढचा सचिव शोधणे' हेही लिहितो, बाकी कामांसारखंच, नावासकट.

अडकलेला सचिव
आमच्या घटनेत एक ओळ आहे, 'नवीन पदाधिकारी पदभार घेईपर्यंत जुने काम पाहतील.' त्या ओळीच्या कृपेने मी दोन वर्षांचा सचिव पाच वर्षं राहिलो. 'कुणी तयार आहे का' विचारलं की सगळे जमिनीकडे बघायचे. मग पदाचं कामच कागदावर मांडलं: आठवड्याला तीन तास, महिन्याला एक बैठक, दोन वर्षं, आणि खाली तुम्हाला काय काय करावं लागणार नाही त्याची यादी, देणग्या मागणं, भांडणं सोडवणं, सतरंज्या मोजणं. दोघांनी हात वर केला. सतरंज्या अजून मीच मोजतो.

धागाकर्ता
काल सभा झाली. थोडी कुरकुर झाली, पण तारीख कार्यक्रमानंतर दोन महिन्यांवर गेली, मधल्या काळात जुने-नवे एकत्र बसून हिशोब मिटवणार. आणि खजिनदारताई, ठरावावर सगळ्यांच्या सह्या तिथेच, खुर्च्या उचलायच्या आधी घेतल्या.