एका दिवसाच्या शिबिरापेक्षा वर्षभराची यादी
'एकाच दिवशी हजार पिशव्या रक्त गोळा करू' ही रक्तदान शिबिरासाठी कुणीतरी केलेली सूचना मनापासूनची आहे, पण त्यात नासाडीचा धोका मोठा. तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सिअसला साधारण ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट्स (रक्तस्राव थांबवणाऱ्या रक्तातल्या बारीक पेशी) मात्र २० ते २४ अंशांवर, सतत हलत्या ठेवूनही, साधारण ५च दिवस! शिवाय रक्त दिलेला माणूस पुढचे दोन-तीन महिने तरी पुन्हा देऊ शकत नाही. साठ्याची मुदत संपली की बोलवायला कुणी उरत नाही. त्यापेक्षा दात्यांचे १३ गट करा, आठवड्याला एकच गट बोलवा. प्रत्येकाची पाळी ९१ दिवसांनी येते. ओ निगेटिव्हवाल्यांची (अडचणीत जवळपास कुणालाही चालणारा, पण कमी लोकांत आढळणारा रक्तगट) यादी वेगळी ठेवा, रक्तपेढीने मागितल्यावरच त्यांना फोन करा.