टेरेस्ड हाऊस म्हणजे गच्चीचं घर नव्हे ना? (शब्दचर्चा)

धागाकर्ती: मंडळी, मदत हवीये. लंडनच्या बेडफर्ड स्क्वेअरवरचा एक लेख मराठीत करतेय, त्यात "ग्रेड वन लिस्टेड जॉर्जियन टेरेस्ड हाऊस" असं आलंय. गंमत म्हणून मशीनला विचारलं तर "सूचीबद्ध जॉर्जियाचे गच्चीचे घर" हातात पडलं, म्हणजे राजा जॉर्ज गेला आणि जॉर्जिया देशाची राजधानी तिबिलिसी आली! जॉर्जियन म्हणजे १७१४ ते १८३० मधले चार जॉर्ज, एवढं मला ठाऊक आहे. बाकीच्यासाठी तुम्ही आहात.

नाशिककर: रो हाऊस लिहा की, आमच्याकडे प्रत्येक बिल्डरच्या बोर्डावर तेच असतं, सगळ्यांना कळेल.

धागाकर्ती: कळेल हो, पण रो हाऊस म्हटलं की पुढे पोर्च, गेट, दारात स्कूटर असं डोळ्यांसमोर येतं. ही घरं चार मजली, अरुंद, एकमेकांना चिकटलेली आणि दारं थेट फुटपाथकडे.

चाळकरी: मग चाळ म्हणा :)

लंडनमधली: अहो चाळ कशी होईल, चाळीत खोल्या वेगळ्या, गॅलरी एक. इथे प्रत्येक बिऱ्हाडाला तळघरापासून माळ्यापर्यंत अख्खा उभा तुकडा मिळतो, शेजाऱ्याशी फक्त मधली भिंत सामाईक. तिला इथे पार्टी वॉल म्हणतात, तिचा १९९६चा स्वतंत्र कायदाच आहे, आपल्याकडे खरेदीखतात "सामाईक भिंत" असतं तेच. आणि गच्ची तर नाहीच! खालून वाटतं वर सपाट असेल, कारण दर्शनी भिंत वर कठड्यासारखी चढवलेली असते, पण तिच्या मागे दोन्हीकडून मध्ये उतरणारं स्लेटचं छप्पर आणि मधोमध पन्हळ, ती तुंबली की पाणी थेट वरच्या खोलीत. घर आतून पाहिल्याशिवाय हे लक्षातच येत नाही.

धागाकर्ती: मग टेरेस शब्द आला कुठून?

लंडनमधली: मूळ लॅटिन तेरा म्हणजे जमीन, त्यावरून भर घालून उंचावलेला ओटा. १७६८ नंतर अ‍ॅडम या वास्तुरचनाकार बंधूंनी थेम्सकाठी कमानींवर असा भलाथोरला ओटा उचलला आणि त्यावर घरांची ओळ उभी केली, अडेल्फी नावाची, नदीकडच्या ओळीचं नाव रॉयल टेरेस. पुढे ओट्याचं नाव ओळीलाच चिकटलं, ओटा असो नसो. आपल्याकडे तोच शब्द छपरावर चढला. अडेल्फीचा मोठा भाग १९३६ला पाडला, आणि असल्या पाडापाडीच्याच संतापातून १९३७मध्ये जॉर्जियन इमारती वाचवण्यासाठी जॉर्जियन ग्रुप ही संस्था निघाली.

जुनाभाडेकरू: "ओळघर" कसं वाटतं? नाहीतर साधं "ओळीतलं घर".

धागाकर्ती: "ओळीतलं घर" आवडलं! कारण मुद्दाच तो आहे, बेडफर्ड स्क्वेअरच्या (१७७५ ते १७८३) एकेका बाजूला मधलं घर पांढऱ्या गिलाव्याचं, त्रिकोणी माथ्याचं, बाकीची विटांची, म्हणजे अख्खी बाजू मिळून एकच वाडा असल्याचा आव. एक दात काढला की तोंडच बिघडतं.

लंडनमधली: बरोब्बर, म्हणून तर दाराच्या रंगावरून भांडणं होतात. बाथ शहरातल्या रॉयल क्रेसेंट या कमानदार वळलेल्या ओळीत ३० घरं आहेत, सत्तरच्या दशकात २२ नंबरच्या बाईंनी दार पिवळं रंगवलं, काउन्सिल म्हणे पांढरं करा, बाई लढल्या आणि जिंकल्या. मला विचाराल तर बाईंचं बरोबर होतं.

चाळकरी: बरं ते लिस्टेड? शेअर बाजारात पण लिस्टेड असतं.

नाशिककर: आणि ग्रेड टू म्हणजे सेकंड क्लास का?

लंडनमधली: नाही नाही. लिस्टेड म्हणजे कायद्याने संरक्षित इमारतींच्या यादीतली. इंग्लंडमध्ये साधारण १० पैकी ९ संरक्षित इमारती ग्रेड टूच आहेत, आणि त्यांनाही कायदा तितकाच लागू. मधे ग्रेड टू स्टार, वर ग्रेड वन. मुंबईच्या १९९५च्या वारसा वास्तूंच्या नियमांत एक, दोन-अ, दोन-ब, तीन अशी उतरंड आहे, ती याच्याशी जुळवायला जाऊ नका. आणि हो, फक्त दर्शनी भाग वाचवला की झालं असं लोकांना वाटतं, पण जिना, छताची नक्षी, आतली दारं सगळंच त्यात येतं. परवानगीशिवाय घराचं रूप बदललं तर तो फौजदारी गुन्हा, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

जुनाभाडेकरू: मग "सूचीबद्ध" नकोच, किराणा यादी वाटते. "संरक्षित वास्तू, श्रेणी १" लिहा.

नाशिककर: बाबासाहेबांचं लंडनचं घर पण असलंच का?

लंडनमधली: १० किंग हेन्रीज रोड? ओळीतलंच, पण व्हिक्टोरियाच्या काळातलं. २०१५ला महाराष्ट्र सरकारने घेतलं, नंतर वाद झाला तो राहत्या घराचं संग्रहालय करण्याच्या परवानगीवरून. त्याला कुणी बंगला म्हणालं की मला हसू येतं.

धागाकर्ती: छान, म्हणजे "जॉर्ज राजांच्या काळातलं, श्रेणी १ची संरक्षित वास्तू असलेलं ओळीतलं घर". लांबलंय, पण खरं आहे. आता सॅश विंडो?

जुनाभाडेकरू: जुन्या रेल्वे डब्यात खिडकी वर ढकलायचो तशी ना? "खालीवर सरकणारी खिडकी".

लंडनमधली: तशीच, फक्त इथे चौकटीच्या पोटात कप्पी, दोरी आणि लोखंडी वजन असतं, त्यामुळे एका बोटाने उचलते. दोरी तुटली तर मात्र बोटच जायचं.

धागाकर्ती: आणि शेवटचा, फॅनलाईट. दारावरची अर्धगोल काच, आतल्या अंधाऱ्या बोळात उजेड यायला. "पंखा-दिवा" नको म्हणून मी "दारावरचा अर्धचंद्र" लिहिलंय.

चाळकरी: ताई, आलेल्या पाहुण्याला दारातच अर्धचंद्र?

धागाकर्ती: अय्यो. "अर्धगोल झरोका" करते.