सॅलिसबरी कॅथेड्रल पोरांना घेऊन, गाईडशिवाय कसं बघायचं?

सानिकाची_आई
मंडळी, जुलैत इंग्लंडला जातोय, मी, नवरा, सासूबाई आणि दोन पोरं, मोठी ११ ची आणि धाकटा ६ चा. एक दिवस सकाळी स्टोनहेंज आणि दुपारी सॅलिसबरी कॅथेड्रल असं ठरवलंय. नवऱ्याला मॅग्ना कार्टा (इंग्लंडच्या किंग जॉनने १२१५ मध्ये दिलेली हक्कांची सनद) बघायचाच आहे पण मला माहितीये, दहा मिनिटांत "आई झालं का, आई भूक लागली" सुरू होणार. गाईडेड टूर नकोच, धाकटा एका जागी उभा राहत नाही. आपलं आपण फिरत पोरं रमतील असं तिथे काय आहे? घरून प्रिंटआउट काढून नेऊ का? सासूबाईंना फार चालवत नाही तेही बघा.

टेम्सकाठचा
प्रिंटआउट राहू द्या, पोरांना उंदराची गोष्ट सांगा 😄
आत विल्यम लाँगेस्पे नावाच्या सरदाराची कबर आहे, किंग जॉनचा सावत्र भाऊ, १२२६ मध्ये गेला, या कॅथेड्रलमध्ये पुरलेला पहिला माणूस हाच. कबरीवर त्याचा चिलखत घातलेला आडवा पुतळा आहे आणि अंगाशी लांबलचक ढाल. धाकट्याला सांगा ढालीवर सिंह किती ते मोज (सहा आहेत, पण तुम्ही बोलू नका). पुढे १७९१ मध्ये कबर उघडली तर त्याच्या कवटीत मेलेला उंदीर सापडला, आणि त्या उंदरात आर्सेनिकचे अंश निघाले! सरदाराला विष घातलं अशी वदंता होतीच, तिला त्यामुळे अजून जोर आला. तो उंदीर कॅथेड्रलसमोरच्या सॅलिसबरी म्युझियममध्ये ठेवलाय, म्हणजे कबर आधी आणि उंदीर नंतर, आपोआप ट्रेल तयार.
आणि मोठीसाठी यातच पुढचं काम आहे. मॅग्ना कार्टाच्या सुरुवातीला राजाच्या, म्हणजे किंग जॉनच्या, सल्लागारांची नावं आहेत त्यात हाच विल्यम आहे. १२१५ च्या ज्या चारच प्रती उरल्यात त्यातली ही एक, सगळं लॅटिनमध्ये, अक्षर बारीक, एकाच चामड्यावर दाटीवाटीने लिहिलेलं, परिच्छेद वगैरे भानगड नाही. नाव सापडणं अवघडच, पण शोधताना ती त्या कागदाकडे (चामड्याकडे!) नीट बघेल तरी. नाहीतर मोठी माणसंसुद्धा अर्धा मिनिट बघून बाहेर पडतात.

गोंधळी_बाबा
+१ उंदराला.
माझं म्हणणं, जास्त गोष्टी दाखवायच्या भानगडीत पडू नका, दोन-तीन जागी नीट रेंगाळा. बरोब्बर मधोमध, शिखराखाली उभं राहायचं आणि वर बघायचं. शिखर नंतर चढवलंय, मूळ इमारत १२२० ते १२५८ ची आणि हे चौदाव्या शतकात बांधलं, १२३ मीटर उंच आणि वजन म्हणे साडेसहा हजार टन. त्या वजनाने खालचे दगडी खांब चक्क वाकलेत, नुसत्या डोळ्यांनी दिसतात. पोरांना सांगा वाकडा खांब शोधा, मग बघा कसे एक डोळा मिटून तपासतात. आणि एवढ्या अवजड इमारतीचा पाया जेमतेम चार फूट खोल हे सांगितल्यावर मोठीचे प्रश्न संपणार नाहीत, उत्तरं नवऱ्यावर ढकला.
पर्समधला छोटा आरसा सोबत ठेवा. छातीशी आडवा धरून त्यात छत बघत चालायचं, मान दुखत नाही आणि सहा वर्षांच्या मुलाला तर छतावर चालल्यासारखं वाटतं. फक्त एकाने हात धरायचा, नाहीतर कोणावर तरी आपटणार.
बाप्तिस्म्याचं पाण्याचं कुंडही बघा, ते २००८ चं आहे. चार कोपऱ्यांतून पाणी वाहतं तरी वरचा पृष्ठभाग काचेसारखा शांत, सगळी कमान त्यात उलटी दिसते. फोटो पोरांना काढू द्या. पाण्यात हात घालू नये हे तिथे पोचायच्या आधी सांगा, नंतर उपयोग नाही.

जुनी_मीनल
कागद अगदीच नको हे मला नाही पटत हं. सहा वर्षांच्या मुलाला हातात काहीतरी लागतं. आत शिरताना मुलांसाठी ट्रेलचा कागद आहे का विचारा, नसला तर वहीच्या पानावर पाच चित्रं स्वतः काढून द्या, सिंह, घड्याळ, होडी असं काहीतरी, आणि सापडलं की फुली.
होडी म्हणजे नोआची. मॅग्ना कार्टा ज्या अष्टकोनी चॅप्टर हाऊसमध्ये (धर्मगुरूंच्या बैठकीच्या दालनात) आहे तिथे भिंतींवर सगळीकडून बायबलच्या गोष्टी कोरल्यात, नोआ, बाबेलचा मनोरा, मोझेस. सासूबाईंनाही तिथे निवांत बसवा, कोरीवकाम बसल्या बसल्या दिसतं.
घड्याळाची गंमत म्हणजे त्याला तबकडीच नाही! साधारण १३८६ चं, नुसती लोखंडी चौकट आणि चाकं, काम फक्त तासाला घंटा वाजवायचं. मोठीला विचारा मग लोकांना साडेतीन वाजलेत हे कसं कळायचं.
दुसरं म्हणजे हे चालतं-बोलतं चर्च आहे, प्रार्थना सुरू झाली की शोधाशोध बंद. संध्याकाळी कॉयर (चर्चमधलं समूहगान) असेल तर जरूर थांबा, मुलींचा कॉयरही आहे, १९९१ पासून. धाकटा कंटाळला तर कोणीतरी त्याला घेऊन बाहेर हिरवळीवर पळवा, भरपूर मोठी आहे. वर मनोऱ्यावर बहिरी ससाणे घरटं करतात, दुर्बीण असेल तर न्या.

सानिकाची_आई
अरे वा, उंदीर हिट आहे 😂 नवऱ्याला वाचून दाखवलं तर तोच आधी म्युझियम बघू म्हणतोय. मनोऱ्यावर चढायचं का?

टेम्सकाठचा
३३२ पायऱ्या आहेत आणि वर गाईडसोबतच सोडतात, म्हणजे तुमच्या धाकट्याला पुन्हा एका जागी उभं राहावं लागणार. यावेळी सोडा. आणि म्युझियमचं तिकीट वेगळं असतं, बंद व्हायची वेळ आधी बघून घ्या, नाहीतर उंदीर राहून जाईल आणि पोरं परतीच्या ट्रेनमध्ये तुम्हाला सोडणार नाहीत.