पदावरचा मित्र: तुमचे अनुभव लिहा

नातेवाईक म्हटलं की नियम जागे होतात. अर्बन बँकेच्या संचालकांना आणि त्यांच्या नातेवाइकांना त्याच बँकेतून कर्ज द्यायला रिझर्व्ह बँकेची बंदी आहे, ग्रामपंचायतीच्या कामात सदस्याचा किंवा त्याच्या भागीदाराचा हिस्सा निघाला तर १९५८ च्या कायद्यातल्या कलम १४ खाली सदस्यत्व जातं. पण मित्राचं काय? निवडणुकीत रात्रभर पोस्टरं लावणारा, घरात कधीही येऊन जेवणारा मित्र यातल्या कशातच बसत नाही, आणि माझ्या मते निम्मी कामं त्याच वाटेने जातात. मोठ्या नेत्यांचं पेपरात येतंच, इथे आपापलं लिहा. सोसायटी, बँक, शाळा, पंचायत, ऑफिस काहीही चालेल, फक्त नावं नकोत.

सुरुवात मी करतो. आमच्या सोसायटीत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला तीन कोटेशनं आली. लेटरहेड वेगळी पण तिन्हींवर शुद्धलेखनाच्या चुका त्याच त्या. काम सेक्रेटरींच्या कॉलेजमधल्या मित्राला गेलं. काम चांगलं झालं हेही सांगायला हवं, दोन पावसाळे गच्ची गळली नाही. तरी जनरल बॉडीत मी विचारलं की बाकीची दोन कोटेशनं कोणी टाइप केली, तेव्हा सगळे माझ्याकडेच असं बघायला लागले की मी कुणाच्या घरचं भांडण चव्हाट्यावर आणलंय.

*

मी महिला राखीव जागेवरून सरपंच झाले. मिस्टरांच्या मित्रांना वाटलं पंचायत आता आपलीच. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून पेव्हर ब्लॉकचं काम होतं, त्याचे असे तुकडे पाडले की एकही तुकडा ई-टेंडरच्या मर्यादेच्या वर जाणार नाही, आणि सगळे तुकडे एकाच मित्राला. बिलाच्या वेळी तो घरी आला, चहा झाला, मग म्हणाला, "वहिनी, डिजिटल सहीचं डोंगल तेवढं द्या, ग्रामसेवकाचं झालंय." मी म्हटलं, भाऊजी, आधी इंजिनिअर येऊन मोजमाप घेऊ दे, एमबीत, म्हणजे मोजमाप वहीत, नोंद होऊ दे, मग मी स्वतः बसून सही करते. एवढंच बोलले. त्यात नाही म्हणण्यासारखं काय होतं मला अजून कळत नाही, पण त्या दिवसापासून त्यांच्या घरून हळदीकुंकवाला बोलावणं बंद झालं आणि मिस्टरांना पारावर ऐकवायला लागले की तुझी बायको साहेबीण झाली. मोजमाप झालं तेव्हा ब्लॉक बिलापेक्षा कमी भरले, बिल तेवढं कापून दिलं. मिस्टर पुष्कळ दिवस गप्प होते, पण डोंगल कुठे ठेवते ते त्यांनी मला कधी विचारलं नाही.

*

आमच्या गावच्या बँकेवर निर्बंध आले तेव्हा वडिलांची फंडाची रक्कम आत अडकली. ठेवींवरच्या विम्याची मर्यादा २०२० मध्ये एक लाखाची पाच लाख झाली, तेवढे मिळाले, वरचे अजून नाहीत. थकबाकीदारांची यादी बाहेर आली त्यात संचालकांच्या नात्यातला एकही माणूस नव्हता, सगळे चेअरमनच्या सकाळी फिरायला जायच्या ग्रुपमधले. यापेक्षा जास्त लिहवत नाही.

*

धागाकर्त्यांनी लिहिलंय की मित्र नियमात बसत नाही, ते पूर्ण खरं नाही. मी केंद्र सरकारच्या एका खात्यातून रिटायर झालो. १९६४ च्या वर्तणूक नियमांत मित्राचा उल्लेख आहे, लग्नकार्यात मित्राकडून भेट घेता येते पण त्याचं तुमच्या ऑफिसात काम नसेल तरच, आणि ती ठरलेल्या रकमेच्या वरची असेल तर सरकारला कळवावं लागतं. इन्कम टॅक्सलाही मित्र कळतो, भावाने दिलेल्या पैशावर कर नाही, मित्रांकडून वर्षाला ५० हजारांच्या वर आले तर आहे. माझा एक शाळेपासूनचा दोस्त सप्लायर होता. त्याचं टेंडर आमच्या सेक्शनला आलं की मी वरिष्ठांना लेखी कळवायचो की ओळख आहे, फाईल दुसऱ्याकडे द्या. तो कधी लागला, कधी नाही लागला. एकदा चिडून म्हणाला, तुझा उपयोग काय मग. म्हटलं, रविवारी ये, पत्ते खेळू. अजून खेळतो आम्ही.

*

सगळीच मैत्री वाईट ठरवू नका हो. २००६ ला सुप्रिया सुळे राज्यसभेला उभ्या राहिल्या तेव्हा बाळासाहेबांनी विरोधात उमेदवार दिला नाही, पवारांशी असलेल्या जुन्या संबंधापोटी, आणि ते लपवलं नाही. उघड मैत्री आणि बंद पाकिटातली मैत्री यात मला फरक वाटतो. तरी निवडणूक बिनविरोध झाली हेही आहेच, त्यामुळे ज्यांना ते खटकतं त्यांच्याशी मी वाद घालणार नाही.

*

मी दुसऱ्या बाजूचा. माझा जिवलग मित्र एका शिक्षणसंस्थेच्या कार्यकारिणीवर आहे, माझी मुलगी तिथे मुलाखतीला गेली. तिचं नाव पुकारल्यावर तो उठून बाहेर गेला, परत आला तो पुढच्या उमेदवाराच्या वेळी. मुलीची निवड झाली नाही. मला त्याचं वागणं बरोबरच वाटतं, मी त्याला तसं सांगितलंय. बायको मात्र त्याच्याशी बोलत नाही, आणि तिचं म्हणणं मला खोडता येत नाही, कारण त्या जागेवर जी लागली ती दुसऱ्या एका सदस्याच्या मित्राची मुलगी, आणि तो सदस्य खुर्चीवरून हलला नव्हता. एकानेच नियम पाळला की त्याच्याच मित्राचं नुकसान होतं, यावर कुणाच्या संस्थेत काही उपाय केला असेल तर जरूर लिहा.