अनुभव धागा: तुमच्यापर्यंत पोचलेली (आणि न पोचलेली) आरोग्य योजना

शिवडीकर:
मागच्या धाग्यावर "सरकारी योजना म्हणजे फ्लेक्स आणि फीत" असा सूर लागला होता. मला तो सरसकट पटत नाही. काही योजना मुंबईत खरोखर चालल्या, काही मंत्रालयाच्या पायऱ्या उतरल्याच नाहीत. माझं मत आधीच मांडतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल: योजना मंजूर होते ती कुणीतरी हट्टाने मागे लागल्यामुळे, पण चालते ती शेवटच्या खिडकीवरच्या माणसाला सतत जाब विचारणारं कुणी असेल तरच. अनुभव लिहा. हॉस्पिटलांची नावं नकोत.

गोवंडीची ताई:
मी पालिकेच्या हेल्थ पोस्टला (वस्तीतलं छोटं आरोग्य केंद्र) होते, आता निवृत्त. पल्स पोलिओ म्हटलं की सगळे "दोन थेंब" एवढंच बोलतात. थेंब पाजणं सगळ्यात सोपं हो! १९९५ पासून ही मोहीम. रविवारी बूथ, सोमवारपासून घरोघर. खांद्याला बर्फाची पेटी, हातात खडू, पोराच्या डाव्या करंगळीला शाई. घरातली सगळी पोरं झाली की दारावर इंग्रजी "पी", एखादं राहिलं किंवा नकार मिळाला की "एक्स". संध्याकाळी पोस्टवर मीटिंग. तिथे "पी" कुणी विचारायचं नाही, "एक्स" किती आणि का, एवढंच. मूल गावी गेलंय, की झोपलंय, की बाप नाही म्हणतोय? तिन्हीला उपाय वेगळा.

थेंबांनी पुढे मुलं होत नाहीत, ही अफवा आमच्या गल्ल्यांत वर्षानुवर्षं होती. डॉक्टर मॅडम समजावून थकल्या. मौलानांनी मशिदीतून सांगितलं, तेव्हा कुठे दारं उघडली. बायका मात्र तोंडावर विचारायच्या, "गटार तुंबलंय त्याला कुणी येत नाही, आणि थेंबाला बरे सारखे येता?" काय बोलणार? खरंच होतं ते. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हावड्याची मुलगी. मार्च २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचा शिक्का बसला. आमच्या वस्तीतलं गटार त्यानंतरही तुंबतच होतं.

घाटकोपर केमिस्ट:
टीबीचा पेशंट सरकारला कळवायचाच, हा आदेश २०१२ चा. खाजगी डॉक्टर कशाला कळवतोय? फॉर्म भरायचा ताप, वर पेशंट बिथरणार. मग २०१४ च्या सुमारास मुंबईत वेगळी युक्ती झाली. डॉक्टरने पेशंट नोंदवला की व्हाउचरचा नंबर मिळायचा. तो माझ्या काउंटरवर दाखवला की औषध फुकट, माझे पैसे मला मागाहून. आता पेशंटच डॉक्टरला विचारायला लागले, "माझी नोंद केली ना?" म्हणजे जाब विचारायला वरून साहेब यायची गरजच उरली नाही. २०१८ मध्ये न कळवणाऱ्यावर कारवाईची तरतूद आली आणि पेशंटच्या खात्यात महिना ५०० रुपयेही सुरू झाले. पैसे चांगलेच, पण कारखान्यात राहणाऱ्या ज्या पोरांकडे बँकेत वापरातलं खातंच नाही, त्यांची रखडपट्टी मी काउंटरवरून पाहिली आहे.

सोनोवाला, दादर:
जाबाची दुसरी बाजू ऐका. गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य, १९८८ मध्ये. मुंबईतल्या महिला संघटना आणि इतर कार्यकर्ते त्यासाठी मागे लागले होते. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. पण दोन्ही बराच काळ पुस्तकातच. २००० साली सेहत, मासूम या संस्था आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले, २००१ मध्ये कोर्टाने राज्यांचे कान पिळले, तेव्हा यंत्रणा हलली.

आज प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीमागे या कायद्याचा "एफ" फॉर्म (तपासणीची नोंद), आणि महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत. रकाना रिकामा राहिला तर ती कारकुनी चूक मानायला सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये नकार दिला. आम्हा सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांतल्या बऱ्याच जणांना हे जाचक वाटतं, मलाही. फॉर्म तपासणं सोपं, बंद खोलीत काय बोललं गेलं ते तपासणं महाकठीण. म्हणून तपासणीला आलेला माणूस आधी फाईल मागतो.

शिवडीकर:
डॉक्टर, मुद्दा भारी आहे. ताईंकडे राहिलेली पोरं मोजायचे, तुमच्याकडे राहिलेले रकाने मोजतात.

नाक्यावरचा:
गुटखाबंदी, जुलै २०१२. आदेश वर्षभराचा, दर वर्षी नवा निघतो. आमच्या टपरीवर पान मसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी, गिऱ्हाईक तळहातावर एकत्र करतं. मंजुरीला कुणाचा विरोध नव्हता, अंमलबजावणीला कुणाचा पत्ता नाही. बाकी काही लिहिण्यासारखं नाही.

परळ ते संगमेश्वर:
आमच्या काकांची अँजिओप्लास्टी जीवनदायीतून, म्हणजे राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेतून झाली. तेव्हा राजीव गांधींचं नाव होतं, २०१७ पासून महात्मा फुलेंचं. २ जुलै २०१२ ला ८ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात मुंबई होती. रेशन कार्ड केशरी, पण गावचं. हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरने "मुंबईचं कार्ड आणा" म्हणून काकूंना परत पाठवलं. शेजारीच आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं टेबल. त्या पोराने कार्ड पाहिलं, राज्यात कुठलंही चालतं म्हणाला, फॉर्म भरला आणि मंजुरी येईपर्यंत बिलिंगवाल्याच्या डोक्यावर बसला. तो हॉस्पिटलचा नोकर नव्हता, यातच सगळं आलं. घरी जातानाचं एसटीचं भाडंही योजनेत बसतं हे त्यानेच सांगितलं. काकू ते पैसे घ्यायला लाजत होत्या, त्याने सही घेऊन हातात ठेवले.

पण त्याच्याच टेबलावर दुसऱ्या एका बाईंचं आधार आणि रेशन कार्डावरचं नाव जुळत नव्हतं. माहेरचं आणि सासरचं. त्यात त्याचंही काही चाललं नाही, त्या तहसीलदाराकडे गेल्या.

मीनल, विक्रोळी:
आमचं पांढरं कार्ड आहे. आईचा गुडघा दाखवायचाय. आम्हाला काही मिळतं का?

परळ ते संगमेश्वर:
हो. २०२४ पासून पांढरं कार्डही चालतं, मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख. पण कुठली शस्त्रक्रिया कुठल्या हॉस्पिटलात बसते हे वेगवेगळं असतं, म्हणून आधी योजनेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ वर विचारा. आणि आईंचं आधार, रेशन कार्ड समोरासमोर ठेवून नाव आजच जुळवून बघा.